बदामीचं म्हणणं

घोड्यांना देवानं वाचा दिली नाही ते फार बरं केलं, असं भाऊजी नेहमी म्हणायचे. "नाहीतर शिकायला येणाऱ्या एकाही स्वाराची अब्रू शिल्लक राहिली नसती!" पण बदामीनं तोंडात लगाम घ्यायचं सोडलं आणि तेव्हापासून वहिनींना या विनोदावर हसू येईनासं झालं.

बदामी म्हणजे तबेल्यातली सगळ्यात शहाणी घोडी. भित्र्यातल्या भित्र्या मुलाला पहिल्यांदा बसवायचं ते तिच्याच पाठीवर. मूल घसरू लागलं की ती आपण होऊन थांबायची आणि मान वळवून बघायची, जणू विचारायची, "सावरलास का बाळा? निघू?" वहिनींच्या यजमानांनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. उन्हाळ्यात ते गेले, आणि तबेला वहिनींच्या आणि धाकट्या दिराच्या गळ्यात पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बदामीचं हे असं सुरू झालं.

चंदी खायची, खरारा करून घ्यायची, खोगीरही मुकाट्यानं ठेवू द्यायची. पण लगाम घेऊन पुढं गेलं की दात घट्ट, मान आभाळात, आणि मागं सरत सरत थेट भिंत. इथंच घोडं पेंड खात होतं. डॉक्टरांनी दात पाहिले, जीभ पाहिली, हिरड्या चाचपल्या. म्हणाले, "तोंड ठणठणीत आहे. मनात काही असेल, तर ते काही माझ्या बॅटरीच्या उजेडात दिसत नाही."

"मनात कसलं काय? आळस आहे नुसता," भाऊजी म्हणाले. "बसून खाणारं जनावर आपल्याला परवडायचं नाही, वहिनी. विकून टाकू हिला. दादा असता तर त्यानंही हेच केलं असतं."

दादानं हे कधीच केलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी व्यापाऱ्याची गाडी बोलावली गेली. त्या गाडीतून म्हातारे, हट्टी, बिनकामाचे घोडे जायचे. कुठं जायचे, ते कुणी विचारत नसे आणि व्यापारीही सांगत नसे.

गाडी यायच्या दिवशीच दुपारी वहिनींनी एका बाईंना बोलावलं. बहिणीनं नाव सुचवलं होतं. जनावरांच्या मनातलं आपल्याला कळतं, असं त्या बाई सांगत. भाऊजींनी त्यांचं नाव आधीच 'दुभाषी' ठेवून टाकलं होतं.

"गाढवापुढं गीता वाचतात हे ऐकलं होतं," ते म्हणाले. "आता घोडी वाचणार आणि आपण माना डोलावणार!"

"भाऊजी, डॉक्टर झाले, तपासणी झाली. बुडत्याला काडीचा आधार. एवढी एक दुपार द्या मला."

दुभाषी आल्या त्या शिंकतच. पायात रबरी बूट, हातात रुमाल, नाक लाल. "वाळल्या गवताचा त्रास आहे हो मला," त्या ओशाळून म्हणाल्या. भाऊजींनी वहिनींकडे असं पाहिलं की बोलायची गरजच उरली नाही.

पण दुभाषी बदामीजवळ गेल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या, त्या किती वेळ कोण जाणे! ना हात लावला, ना चुचकारलं. भाऊजी उगाचच बादल्या इकडून तिकडं करत राहिले. शेवटी दुभाषींनी डोळे उघडले.

"ते हिचा खरारा करताना गुणगुणायचे का?"

वहिनींचे डोळे भरून आले. गुणगुणायचे तर! देवाचं एक गाणं होतं, तेही अर्धंच. पुढचं कडवं त्यांना कधी आलंच नाही.

"खरारा करताना कोण गुणगुणत नाही?" भाऊजी म्हणाले. "मीसुद्धा गुणगुणतो."

"तुमचं ऐकूनच तिनं दात आवळले असतील," वहिनी म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं.

दुभाषी मात्र हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "ती त्यांची वाट बघतेय, ताई. दुसऱ्या कुणाचा हात तिला नकोय. मला जाऊ द्या, असं म्हणतेय."

भाऊजींच्या हातातली बादली हातातच राहिली. मनासारखं उत्तर मिळूनही माणसाला ते गोड लागत नाही, असं कधी कधी होतं.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. ज्याच्यावर जीव लावला त्यानं 'सोड' म्हटल्यावर धरून कसं ठेवायचं? "मग जाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "तिच्याच मनात असेल तर माझं काही म्हणणं नाही."

"गाडी यायच्या आधी तिला त्यांच्या वस्तू दाखवा," दुभाषी म्हणाल्या. "निरोप घेऊ दे. घाई करू नका, समजूत घालू नका. एकेक वस्तू पुढं धरा आणि नुसतं तिच्याकडे बघा."

वहिनींनी यजमानांचा जुना कोट आणला. बदामीनं त्यात नाक खुपसलं ते काढेचना. बाहीपासून खिशापर्यंत हुंगून झालं. खिशात गुळाचा खडा असायचा एकेकाळी. मग खरारा पुढं धरला. तिनं मान खाली घातली आणि कपाळ वहिनींच्या छातीला टेकवलं.

शेवटी लगाम.

तो लगाम म्हणजे वहिनींची रोजची पूजाच होती म्हणा ना. यजमान होते तोवर तोंडातली लोखंडी कडी कायम काळवंडलेली. काम झालं की ते ती बादलीत बुचकळायचे आणि पँटला पुसायचे, की झालं! त्या डागांवरून नवराबायकोचं रोज वाजायचं. ते गेल्यावर वहिनींना त्या बोलण्याचं फार वाईट वाटलं. मग रोज संध्याकाळी त्या लगाम मांडीवर घेऊन बसू लागल्या. चामड्याला तेल आणि कडीला भांड्यांचं पॉलिश. देवापुढचं तबक घासावं तशी घासायच्या, त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत.

बदामीनं चामडं हुंगलं. पट्टा चाटलासुद्धा. कान पुढंच होते, पाय जागेवर. मग नाक सरकत सरकत कडीपाशी आलं मात्र, वरचा ओठ उलटा झाला, दात विचकले आणि ती फुरफुरत मागं सरली.

एरवी वहिनींनी तिला तिथंच चुचकारलं असतं, "असं नाही करायचं, राणी," म्हटलं असतं. पण आज बोलायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. म्हणून त्यांना दिसलं.

"कोट चालतो," त्या पुटपुटल्या. "खरारा चालतो. पट्टासुद्धा चालतो." आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ती झगझगीत कडी आपल्याच जिभेला लावली.

"वहिनी! अहो, काय करताय!"

वहिनी थुंकल्या, पुन्हा थुंकल्या. डोळ्यांत पाणी आलं. "विष आहे हो, भाऊजी! नुसतं विष! आणि मी रोज भक्तिभावानं हे पॉलिश..."

भाऊजी धावत जाऊन गरम पाणी घेऊन आले. कडी उकळत्या पाण्यात बुडवली, चोळली, पुन्हा बुडवली. घासून घासून त्यांची बोटं लाल झाली. वहिनींनी दर वेळी जीभ लावून पाहिली. शेवटी त्यांनी मान डोलावली, ओली कडी तळहातावर घेतली आणि बदामीपुढं धरली.

पहिल्यांदा बदामीनं तोंड फिरवलं. वहिनी उभ्याच राहिल्या. तिनं हुंगलं. ओठानं ढोसलं. जरा चाटलं, थांबली, पुन्हा चाटलं. आणि मग कसलाही गाजावाजा न करता, आपली वस्तू आपण घ्यावी तशी, कडी तोंडात घेतली.

दुभाषी शिंकल्या. नाक पुसून म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं, ताई. मला दुःख ऐकू आलं ते खरं होतं. पण बहुतेक ते तुमचं होतं."

"चुकलात," वहिनी म्हणाल्या. "पण इतके दिवस आम्ही सगळे तिला काही ना काही सांगतच होतो. तुम्ही आल्यात आणि आम्हाला गप्प बसवलंत. देव कुणाच्या हातून काय करवून घेईल, सांगता येत नाही."

"देवानं जरा गवत सोसणारा माणूस तरी धाडायचा," भाऊजी म्हणाले. पण दुभाषींना बसायला खुर्ची त्यांनीच आणून दिली.

व्यापाऱ्याची गाडी आली तेव्हा भाऊजी बदामीवर बसून अंगणात फेऱ्या मारत होते.

"घोडी कुठाय?" ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं.

"कामावर आहे," भाऊजी म्हणाले. "वळवा गाडी."

संध्याकाळी वहिनी नेहमीच्या जागी लगाम घ्यायला आल्या तर खुंटी रिकामी. बाहेर भाऊजी पाठमोरे उभे होते. त्यांनी कडी बादलीत बुचकळली आणि भावासारखीच, धुतलेल्या पँटला खसाखसा पुसली. मांडीवर हा एवढा मळका डाग!

वहिनींनी ओरडायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं. घरात जाताना ते अर्धंच गाणं त्यांच्या ओठांवर आलं होतं.