उसव

“एकदम झकास,” धंद्याचा सल्ला द्यायला आलेला कोच म्हणाला आणि कोट न उलगडताच त्याने टेबलावर ठेवला. “आता तुम्ही फक्त मोठी स्वप्नं बघायची, ताई.”

ताईंनी मान डोलावली. त्यांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार मशिनी आणि त्यांवर शिवणाऱ्या चौघी. इस्पितळातल्या नर्सेसच्या कोटांची ऑर्डर मिळाली तर निभावणार, नाहीतर मशिनी विकायच्या. म्हणून तर वाट दाखवणारं कुणीतरी हवं होतं. नमुन्याच्या कोटाचा एक खिसा त्यांनी मुद्दाम बोटभर खाली शिवला होता. सल्ला द्यायला येईल त्याच्या हातात आधी तो कोट द्यायचा. आतापर्यंत सगळ्यांनी नुसती वाहवाच केली होती.

“माणूस चांगला वाटला,” कोच गेल्यावर नवरा म्हणाला.

“चांगलाच आहे. पण वाहवा करायला तुम्ही आहात की घरात.”

त्यांनी कोट पिशवीत घातला आणि समोरच्या बंद दुकानाच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे, म्हणजे मास्तरांकडे जाते म्हणाल्या, तसा नवरा दारात आडवा आला.

“अगं, त्यांचं दुकान बुडालं, तेही आपल्यामुळे. ते काय डोंबल शिकवणार?”

“कसं बुडतं ते त्यांनाच ठाऊक ना.”

मास्तर आता लेकीकडे राहत. त्यांनी ताईंना बसही म्हटलं नाही. कोट मात्र हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

“उसव.”

ताईंना हसू फुटलं. “खिसा ना, मास्तर? तो मी मुद्दामच...”

“खिसा आंधळ्यालाही दिसेल. बाही उसव. पण आधी घाल अंगात. हात वर कर.”

हात वर केला तर अख्खा कोट वर चढला आणि काखेत काचला. सलाईन लावताना नर्सचे हाल झाले असते. ही चूक काही मुद्दाम केलेली नव्हती. ताईंचे कान लाजेने तापले, आणि त्याच क्षणी त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

“मास्तर, उद्यापासून कारखान्यात येता? मला शिकवायला?”

“गिऱ्हाईकं नेलीस, आता मलाही नेतेस होय?” ते म्हणाले. मग बाहीची शिवण चिमटीत धरून, “मी ओरडतो हं.”

“ओरडा.”

इस्पितळाच्या मेट्रनबाई नमुना बघायला आल्या, तेव्हा त्यांनी कोट चढवला आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. कोट जागचा हलला नाही.

“अस्साच हवा होता,” त्या म्हणाल्या. “सगळे इथेच शिवायचे.”

चौघींच्या मशिनी एकदम थांबल्या. ताईंनी वळून पाहिलं. खिडकीपाशी मास्तर उभे होते. मेट्रनबाईंबरोबर त्यांनीही नकळत दोन्ही हात वर नेले होते, आणि ते खाली घ्यायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.