मान न वाकवणारी तिपाई

माझी पणजी मैना, मैनेची लेक राही, राहीची लेक धोंडीबाई, आणि धोंडीबाईची लेक मी, गिरजा. घराण्याची नावे पुरुषांकडून सांगतात हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या देण्याची ही हकीकत आहे ते आईकडून लेकीकडे आले, म्हणून नावेही मी त्याच वाटेने सांगणार.

मैना खर्डीजवळच्या एका पाड्यात राहत होती आणि विधवा होती. तिचे घर जळाले तेव्हा सापगावचा सुतार न बोलावता आला आणि त्याने पावसाआधी नवे आढे चढवून दिले. आमच्याकडे घर पुरे झाले की घरधनी सुताराच्या डोक्याला स्वतःच्या हाताने पागोटे बांधतो. तोवर त्याचे काम पुरे झाले असे कोणी धरत नाही. मैनेने लाल पागोटे आणले होते. विधवेच्या हाताने पागोटे नको, असे म्हणून गावकऱ्यांनी तिला अडवले आणि सुतार उघड्या डोक्याने परत गेला. ते पागोटे राहीच्या पेटीत आले, पुढे आईच्या, आणि शेवटी माझ्या.

सन १९३८ मध्ये मी शहापुरात फोटोचे दुकान चालवीत होते. यजमान वारल्यावर दुकान विकून टाका असे सांगायला जे जे आले, त्यांना मी चहा पाजून वाटेला लावले होते. त्या साली मुरबाडच्या सावळारामशेट गिरणीवाल्यांनी माडीचे घर बांधले. त्यातले खांब, तुळया आणि कोरीव छत कोंडू सुताराच्या हातचे. कोंडू त्याच सापगावच्या सुताराचा पणतू. वास्तुशांतीला बैठकीत लावण्यासाठी शेटला घराचा आतून फोटो हवा होता. तो मी काढला.

चूक माझी झाली; दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच ती लिहून ठेवते. यजमानांची कॅमेरा ठेवायची तिपाई पितळी नळ्यांची, हलकी, आणि तिचे डोके वाटीत गोळा फिरावा तसे कुठेही वळणारे. छत मावेना म्हणून लेन्सची पाटी वर सरकवायची सोडून मी सोपे म्हणून कॅमेऱ्याचेच तोंड वर करून तो कलता ठेवला. फोटोत सगळे खांब वर जाता जाता एकमेकांकडे झुकले. मी छताच्या नक्षीवर खूश होते. खांबांकडे पाहिलेच नाही आणि फोटो पाठवून दिला.

चार दिवसांनी कोंडू दुकानात आला. तो बसला नाही.

"गिरजाबाय, माझं खांब वाकडं हायत काय?"

"असे कोण म्हणतो?"

"तुमचा फोटू म्हनतो. शेट बोलला, तुला पागोटा नाय. मी वळंबा लावून दावला त्याला. तर म्हनतो, वळंबा तुझ्या हातात हाय, फोटू यंत्रातून आलाय. बाजारात पोरंटोरं मला वाकड्या म्हनतात."

खांबाला लावलेला ओळंब्याचा दोरा खोटा आणि कागदावरची सावली खरी! परंतु ती सावली मीच पाडली होती. वास्तुशांतीला दहा दिवस उरले होते. कोंडू उघड्या डोक्याने गेला असता तर आमच्या घराकडे त्याच्या घराची दोन पागोटी राहिली असती.

मी दुसऱ्याच दिवशी आगगाडीने मुंबईला गेले. दुकानदाराने एकामागून एक चकाकत्या तिपाया पुढे मांडल्या.

"बाई, ही घ्या. हलकी आहे. डोकं हवं तसं वळतं."

"मला न वळणारे डोके हवे."

"अहो, सगळे वळणारंच मागतात."

"मी सगळ्यांपैकी नाही."

प्रत्येक तिपाईचे पाय मी पुरते लांब करून घेतले आणि डोक्यावर तळहात दाबून पाहिला. बारीक नळ्या वेताच्या छडीसारख्या थरथरत होत्या. अंधाऱ्या बैठकीत चाळीस आकडे मोजेपर्यंत कॅमेरा निश्चल राहायला हवा. ही थरथर तिथे कशी चालावी? अखेर मागच्या खोलीतून एक लाकडी तिपाई निघाली. तिचे पाय जाड होते. डोके म्हणजे पाटासारखी रुंद, सपाट फळी, मधोमध एकच मळसूत्र.

"ही जुन्या चालीची. कोणी विचारत नाही हिला."

"मग ती माझ्यासाठीच राहिली आहे. बांधा."

हमालाने वजन पाहून तोंड वाकडे केले. मी एक टोक उचलले, तेव्हा त्याने लाजून दुसरे उचलले.

सापगावात कोंडूने तिपाईभोवती दोन फेऱ्या मारल्या. मळसूत्राखाली त्याने आपला ओळंबा टांगला, फळी सपाट आहे का ते पाहायला तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली. शेटच्या गुळगुळीत फरशीवर पायांची लोखंडी टोके घसरू नयेत म्हणून त्याने लाकडाची तिकोनी चौकट केली आणि तिच्यात तीन खाचा पाडल्या. "आता हत्ती आला तरी हलनार नाय," तो म्हणाला.

मुरबाडला मी जुनी तिपाईही मुद्दाम नेली. आधी तिच्यावर कॅमेरा पूर्वीसारखा कलता ठेवला आणि शेटला म्हटले, "काळ्या कापडात डोके घाला."

शेट आतूनच ओरडले, "अगो, घर उलटं दिसतं हे!"

"मग कोंडूने घरही उलटे बांधले, असे सांगा गावाला."

जमलेली माणसे हसली. शेट नाही हसले.

"आता खांब पाहा."

"वर जाऊन एकमेकांना भेटाया निघालेत. मी काय खोटं बोललो?"

तोच कॅमेरा मी लाकडी तिपाईवर चढवला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कोंडूने एकेक पाय वरखाली केला. कॅमेरा कलता न करता मी फक्त लेन्सची पाटी वर सरकवली आणि सगळे छत काचेवर उतरले.

"आता पाहा."

शेट बराच वेळ कापडात होते. "सरळ झालं," ते हळूच म्हणाले. "कोनी हलवलं खांब?"

"कोणी नाही. मान माझ्या यंत्राची वाकडी होती. कोंडूचे खांब पहिल्या दिवसापासून सरळ आहेत. हे तुम्ही कापडाबाहेर येऊन मोठ्याने म्हणा."

ते बाहेर आले आणि त्यांनी ते म्हटले. मी पुन्हा म्हणायला लावले, कारण पहिल्यांदा दारापर्यंत ऐकू गेले नव्हते. मग हादरा बसू नये म्हणून माडीवरचा पाळणा थांबवायला सांगितला, चाळीस आकडे मोजले आणि फोटो घेतला.

वास्तुशांतीला तो फोटो बैठकीत टांगला होता. शेटनी तबकातले पागोटे उचलले, तोच मी उभी राहिले.

"थांबा शेट. आधीचे देणे आधी फिटेल."

मी पेटीतले लाल पागोटे उलगडले. रंग उतरला होता, वीण शाबूत होती. मागून एक म्हातारा म्हणाला, "गिरजाबाई, विधवेच्या हातानं? शुभकार्य हाय."

"माझ्या पणजीला असे म्हणणारे गेले आणि तिने राखलेले पागोटे राहिले. ज्याला अशुभ वाटते त्याने अंगणात जाऊन बसावे."

कोणी उठले नाही. कोंडू डोके नमवू लागला, तेव्हा मी त्याला ताठ उभे राहायला सांगितले आणि पाटावर चढून एकेक वेढा स्वतःच्या हाताने घातला. डोक्यावर जागा उरली नव्हती, म्हणून शेटचे पागोटे त्याने त्यानंतर दोन्ही हातांत घेतले.

"बाय," कोंडू म्हणाला, "माझ्या पणज्याचा पोचला."