पुढे वाढवायला जागा

वायरमनने कॉम्प्युटरचा बोर्ड पाकिटातून काढला तो दोन्ही कडांना धरून, मधल्या भागाला बोट न लावता. दुकानदाराने भुवया उंचावल्या.

"सवय दिसतेय."

"हॉस्पिटलात वायरमन आहे. पण आमची कामं जाडजूड. इतकं नाजूक कधी हातात येत नाही." त्याने बोर्ड काउंटरवरच्या रबरी चटईवर ठेवला आणि शेजारी उभ्या मुलीकडे सरकवला. "बघ. रॅमला चार जागा. आत्ता दोन भरू, दोन पुढच्या वर्षी. आणि ही खालची, आणखी एका डिस्कला. ती त्याच्या पुढच्या वर्षी."

मुलगी वाकून बघत राहिली. हात पाठीमागे बांधलेले.

ती त्याच्या बायकोची, आधीच्या लग्नातली. आता सतराची. चार वर्षं ती त्याला काका म्हणत आली होती आणि त्यात दोघांचंही बरं चाललं होतं. गेले दोन महिने तर घरात बोलणं असं काय ते या दोघांचंच. बायको कामावरून यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि कपड्यांच्या घड्या घालत बसायची. भांडण नव्हतं. दमत असेल, असं तो धरून चालला होता. पण जेवताना मुलीने पंख्यांचा, प्रोसेसरचा विषय काढला की तो हातातला घास विसरून बोलायला लागायचा. गेम खेळायला तिला दमदार कॉम्प्युटर हवा होता. तयार कशाला, आपणच जोडू, हे त्याचंच म्हणणं. प्रोसेसर झाला, ग्राफिक्स कार्ड झालं. ज्याच्यावर हे सगळं बसायचं तो मदरबोर्ड तेवढा राहिला होता.

"लोकांचा सगळा जीव ग्राफिक्स कार्डात," दुकानदार म्हणाला. "बोर्डाला कुणी विचारत नाही. आणि काही बिघडलं की खापर त्याच्याच डोक्यावर."

"आमच्याकडे मेन स्विचचं तेच. वीस वर्षं मुकाट चालतो, आणि एक दिवस पडला की शिपायापासून मोठ्या डॉक्टरपर्यंत सगळे त्याच्या नावाने शिव्या घालतात."

दुकानदार मोकळेपणाने हसला. मुलगी हसली नाही.

"मग हाच बांधू? एक सांगतो, याला वायफाय नाही."

"नकोच. गेमला वायरच बरी. गेल्या रविवारी मीच ओढली हिच्या खोलीपर्यंत. कपाटाच्या मागून नेलीय, दिसतसुद्धा नाही. ही क्लिपा देत होती, मी ठोकत होतो."

"वायफायवाला घेऊ या, काका."

"अगं, वायर आहे ना."

"घरी आहे." मुलगी बोर्डाकडेच बघत होती. "पण तिकडे आमच्या खोलीत नाहीये."

"कुठे तिकडे? कॉलेजच्या हॉस्टेलला?"

"मामाकडे."

दुकानदार वायफायचे बोर्ड बघतो म्हणून आतल्या कप्प्यांकडे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

वायरमनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. ती एकटी जाणार असती तर 'माझ्या खोलीत' म्हणाली असती. आणि तिघं जाणार असते तर 'आपल्या'. त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दोघी?"

तिने मान हलवली.

"कधी?"

"माझी परीक्षा झाली की." ती चटईची कड नखाने उचकत होती. "आई म्हणाली होती, मी सांगते. मग म्हणाली, आधी तुझा कॉम्प्युटर होऊ दे. मला ते कसंतरीच वाटलं, काका. असं घेऊन जायचं म्हणजे..."

"रविवारी ठाऊक होतं?"

"हो."

त्याला तिचा पुढे धरलेला तळहात आठवला, पांढऱ्या क्लिपांनी भरलेला. संपल्या की ती न सांगता आणखी आणत होती.

दुकानदार एक खोकं घेऊन परतला. "हा घ्या. तेवढाच मोठा, सगळ्या जागा तशाच, वर वायफाय."

"याच्याहून लहान आहे?"

"आहे की. पण त्यात रॅमला दोनच जागा. पुढे काही वाढवायचं म्हटलं तर वाव नाही. मी तर म्हणेन—"

"लहानच द्या. आणि कॅबिनेटही त्याच्याच मापाचं."

"काका, तुम्हाला तो मोठा आवडला होता," मुलगी म्हणाली.

"मामाचा तिसरा मजला. जिना एवढासा." त्याने दोन्ही हातांनी रुंदी दाखवली. "मोठं धूड कोण चढवणार? दोघींना उचलता आलं पाहिजे."

दुकानदाराने मोठा बोर्ड उचलून पाकिटात घातला.

घरी दार बायकोने उघडलं. तिने खोकी पाहिली, मग मुलीचा चेहरा पाहिला. मुलगी तिच्या बाजूने तशीच आत निघून गेली. मोरीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"लहान घेतला?" बायकोने विचारलं. "दोन महिने नुसतं मोठा मोठा चाललं होतं."

"याला वायफाय आहे," तो म्हणाला.

ती दाराची कडी धरून उभी राहिली. तो चपला काढून आत गेला, बाहेरच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरली आणि मांडी घालून बसला. एकेक खोकं चिकटपट्टी कापून हलक्या हाताने उघडत गेला. बोर्ड बाहेर काढला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरची खूण बोर्डावरच्या खुणेशी जुळवून बघितली.

बायको मागून आली. रिकामी खोकी पडलेली तिला कधीच आवडायची नाहीत. तिने कॅबिनेटचं खोकं उचललं आणि गुडघ्याने दाबून चपटं करायला लागली.

"ते टाकू नकोस," तो मान वर न करता म्हणाला. "नेताना लागेल."

तिचा गुडघा तसाच राहिला.

"मी सांगणारच होते."

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून तिने वाट बघितली. तो प्रोसेसर जागेवर ठेवत होता. त्याला जोर द्यायचा नसतो, आपसूक बसतो. श्वास रोखून त्याने खटका खाली केला. मुलगी ओल्या तोंडाने आली आणि त्याच्या समोर बसली. त्याने तिच्या पुढ्यात स्क्रूंची पुडी ठेवली.

"चारही कोपऱ्यांचे स्क्रू आधी नुसते हाताने बसव," तो म्हणाला. "मग आवळू."

बायकोने चपटं झालेलं खोकं पुन्हा उघडलं. मुडपलेल्या कडा बोटांनी सरळ केल्या, आणि ते भिंतीशी उभं करून ठेवलं.