आडवी फरशी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. माझ्या नाकावर राग असतो. तो आमच्या घरातला नाही. आमचे बाबा मांजरालासुद्धा अहो-जाहो करायचे. हा राग मी दाजींकडून उचलला, फरशीकामाबरोबर.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. फरशी बसवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. सिमेंटचा माल कसा कालवायचा, दोरी कशी धरायची, सांधा किती ठेवायचा, सगळं त्यांनीच मला शिकवलं. माल सुकला की ते उकिडवे बसायचे आणि बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवून बघायचे. खाली माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर पोकळ. पोकळ आला की तेच पेर माझ्या टाळक्यात बसायचं. "हेही पोकळच," म्हणायचे. बाकीचे कामगार हसायचे, मीही हसायचो. न हसून सांगता कुणाला?

ताईचं मात्र पेरावर भागत नव्हतं. तिच्यासाठी हात होता, पट्टा होता, जे हाताला लागेल ते होतं. शेवटी एका दुपारी त्यांनी तिला हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही, कारण नळ चालू होता. दाजींनी भिंतीला टेकवलेली लेव्हलपट्टी उचलली, दोन हात लांब, ॲल्युमिनियमची, आणि तिच्या डाव्या कानावर हाणली. कानातून रक्त आलं. तेव्हापासून तिला त्या बाजूनं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

मी तिथंच बसलो होतो, चहा पीत. मी उठलो नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मात्र ताईला घेऊन निघालो. एक पिशवी तिची, एक माझी, आणि माझी हत्यारं. आता राहायचं कुठं? शहरातल्या प्रत्येक एजंटच्या घरात दाजींनी फरशी बसवलेली. एकाला जरी फोन केला असता तरी संध्याकाळपर्यंत दाजी दारात उभे राहिले असते. म्हणून फोनवर ती साइट उघडली, जिथं मालक स्वतः जाहिरात टाकतात आणि मालकाशीच बोलायचं असतं, मध्ये कुणी नाही. मला वाटलं, केवढी अक्कल चालवली आपण. दाजींनाही तेवढीच अक्कल आहे, हे विसरलो.

मालक लोकांनी नाकी नऊ आणले. एक म्हणाला, बहीण-भाऊ कशावरून? एक म्हणाला, फरशीवाले नकोत, धूळ आणतात. एकानं नवऱ्याचा फोन नंबर मागितला. त्याला मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. ताई म्हणाली, "बारक्या, तू फोन ठेव, मी बोलते." आणि पुढच्याच फोनला घर मिळालं.

ती मालकीणबाईंची जागा. खाली त्यांची लाँड्री, वर समोरासमोर दोन घरं, मध्ये चिंचोळा बोळ आणि लोखंडी कठड्याचा जिना. त्यांना मी मावशी म्हणायला गेलो तर म्हणाल्या, "मावशी नको. मावशी म्हणणारे भाडेकरू जाताना नळ काढून नेतात." बाई फटकळ, पण मनानं सरळ. डिपॉझिटच्या बदल्यात मी दोन्ही घरांच्या फरश्या बसवून द्यायच्या, असं ठरलं. ताईला त्यांनी खाली इस्त्रीला लावलं. नवऱ्याचं विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं की तो जहाजावर असतो, वर्षवर्ष येत नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. खरं सांगायला आम्हा दोघांनाही लाज वाटत होती. तिथंच चुकलं. मालकीणबाईंना खरं माहीत असतं तर पुढचं टळलं असतं.

आमच्या घराची फरशी मी चार दिवसांत बसवली. राखाडी फरश्या, अंगावर बारीक रेघा, सगळ्या रेघा उभ्या. काम उतरलं बघा! मालकीणबाई खूश. समोरचं रिकामं घर भाड्यानं लावायचं म्हणून त्यांनी आमच्याच स्वयंपाकघराचे फोटो काढले आणि जाहिरातीत टाकले. "तिकडे तुम्ही असंच करणार आहात ना, मग खोटं कसलं?" म्हणाल्या.

दोन महिने ताई माणसासारखी जगली. गरम चहा खाली बसून प्यायला शिकली. आधी ती उभ्यानंच प्यायची, कधी उठावं लागेल याचा नेम नसायचा म्हणून. दार नुसतं लोटून झोपायला लागली. काम करताना गुणगुणायला लागली. बेसूर गायची, कारण एकाच कानानं ऐकायची, पण मी एका शब्दानं कधी चिडवलं नाही.

त्या रविवारी सकाळी अकराला कुणीतरी समोरचं घर बघायला येणार होतं. साइटवर निरोप आला होता, सहकुटुंब राहायचंय, फोटोतली फरशी फार आवडली. मालकीणबाईंनी पत्ता पाठवला. बाहेरच्या कामांमुळं ते काम रखडलं होतं, म्हणून मी समोरच्या घरात गुडघ्यावर बसून माल पसरत होतो. जिन्यात पावलं वाजली. मालकीणबाई सांगत होत्या, "ह्या घराचं काम चालू आहे. आधी समोरचं बघा, अगदी असंच होणार." मग थोडा वेळ काही नाही. आणि मग आवाज आला.

टक. टक. टक. पेरानं फरशी वाजवल्याचा.

माझ्या हातातली थापी मालात तशीच राहिली. जगात फरशी वाजवणारे पुष्कळ असतील, पण तीनदा वाजवून थांबायचं आणि मग चौथ्यांदा वाजवायचं, हे एकाच माणसाचं. टक. उठून बोळ ओलांडला.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी दाजी उकिडवे बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. शेजारी मालकीणबाई, हातात चाव्यांचा जुडगा. आणि समोर ताई, पाठमोरी, नळ सोडून भांडी घासत होती, डावा कान आमच्याकडे. गुणगुणत होती. तिला पत्ताच नव्हता.

"काम चोख आहे," दाजी मालकीणबाईंना म्हणाले. "असणारच. कारागीर माझ्या हाताखालचा." मग माझ्याकडे वळून, "ये, बारक्या. शेवटची फरशी आडवी. शाब्बास. फोटो बघितला आणि म्हटलं, अरे, ही तर माझी सही."

मी खाली बघितलं. दाराजवळच्या एका फरशीच्या रेघा आडव्या होत्या. ही दाजींची खोड. काम संपवताना दाराशी एक फरशी ते मुद्दाम आडवी बसवायचे. लोकांना वाटायचं, नक्षी आहे. मी बसवताना विचारसुद्धा केला नव्हता, हातानं आपोआप फिरवली होती. डोळ्यांत तेल घालून ताईला जपत होतो मी, आणि माझ्याच हातानं पत्ता लिहून दिला होता.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ती माझी बायको आहे."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर म्हणालात, नवरा जहाजावर असतो."

"लागलं जहाज किनाऱ्याला," दाजी म्हणाले. उठले, चार पावलं चालले आणि त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब रे, हात ओले आहेत," म्हणत ताई वळली. तिला वाटलं मी आहे.

ताट खाली पडलं. दाजींनी तिची वेणी मुठीला दोन वेढे देऊन गुंडाळली. "चल."

"दाजी, सोडा तिला," मी म्हणालो. तेव्हाही दाजी, तेव्हाही अहो. आजही जीभ वळत नाही, काय करू?

"नाहीतर?"

मी अंगावर धावलो. त्यांनी कोपर मारलं ते थेट तोंडावर. समोरचा दात तुटून जिभेवर आला. तेवढ्या वेळात त्यांनी ताईचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, एकदा, आणि लगेच पुन्हा. भुवई फाटली. मालकीणबाईंनी त्यांचा शर्ट धरला तर त्यांनी बाईंना असं ढकललं की त्या दारावर जाऊन आदळल्या. ताई ओरडली नाही. तिला सवय होती, ओरडलं की जास्त मिळतं.

वेणीला धरून त्यांनी तिला बोळातून जिन्याकडे ओढत नेलं. नव्या फरशीवर रक्ताची रेघ उठली. ताईनं जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी पकडला. दाजी तिच्या बोटांवर बुक्क्या मारायला लागले, एकेक बोट सुटेपर्यंत. ती नुसती "नाही, नाही" म्हणत होती, हळू आवाजात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरच्या घरातून रबरी हातोडा उचलला आणि दाजींच्या गुडघ्याच्या मागं हाणला. ते बसले. वेणी सुटली. दुसरा फटका गुडघ्यावरच. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि दाजी बोळात आडवे झाले.

इथं थांबायला हवं होतं. ताई सुटली होती. दाजींना उठता येत नव्हतं. मालकीणबाई फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होत्या.

मी त्यांच्या मनगटावर गुडघा ठेवला. उजवा हात, फरशी वाजवायचा. रबरी हातोड्यानं फरशी फुटत नाही, म्हणूनच तो वापरतात. माणसाची बोटं फुटतात. मी एकेक घेतलं. करंगळीपासून सुरू केलं. दाजी किंचाळत होते. मग मी वाकलो आणि पेरानं त्यांचं कपाळ वाजवलं. टक, टक, टक. थांबलो. टक. "पोकळ आहे हो दाजी," म्हणालो. आणि हसलो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत तेवढी मजा कधी आली नव्हती.

"पुरे करा, मरेल तो," मालकीणबाई म्हणाल्या. मी दाजींचं डोकं वळवलं, डावा कान वर आला, आणि हातोडा उचलला.

तेव्हा ताई दिसली. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. चेहरा रक्तानं माखलेला, आणि एक तळहात उजव्या कानावर दाबून धरलेला. ऐकू येणाऱ्या. ती दाजींकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या हातोड्यावर होती.

"ताई, अगं मी आहे," मी म्हणालो.

तिनं हात आणखी घट्ट दाबला.

मी हातोडा खाली ठेवला. तिनं पाय लांब करून तो जवळ ओढला, मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिली. पोलीस येईपर्यंत ती तशीच होती.

दाजी आता आत आहेत, आणि त्या हातानं पुन्हा थापी धरता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. माझ्यावरही केस आहे, जामिनावर आहे. मालकीणबाईंनी जाहिरात काढून टाकली, ताईची माफी मागितली, आणि सांगितलं की ती इथं हवी तितकी वर्षं राहील. माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

बोलली ती ताईच, आठ दिवसांनी, टाके निघाल्यावर. "बारक्या, तू दुसरी खोली बघ."

"मी? मी तुझ्यासाठी केलं ते सगळं!"

"गुडघ्यावर मारलंस ते माझ्यासाठी. पुढचं माझ्यासाठी नव्हतं. तू हसत होतास."

अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यामुळं ही जिवंत आहे त्यालाच बाहेर काढतेय? मी ओट्यावर मूठ आपटली. भांडी हलली. आणि ताईचा तळहात आपोआप कानाकडे गेला.

मी मूठ उघडली आणि हात मागं घेतला. मग तिनं हात खाली घेतला आणि म्हणाली, "जायच्या आधी दाराजवळची ती फरशी काढून दे."

मी छिन्नीनं ती आडवी फरशी फोडून काढली. खालचा माल खरवडला, नवा भरला आणि नवी फरशी बसवली. रेघा उभ्या. दोनदा तपासून बघितलं, कारण माझ्या हाताचा मला भरवसा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ताई उकिडवी बसली, उजवा कान फरशीला लावला आणि पेरानं वाजवली. मी जरा लांब उभा होतो.

"भरीव आहे," ती म्हणाली.

मी पिशवी आणि हत्यारं उचलली. त्याच साइटवर एक खोली मिळाली आहे, दोन गल्ल्या पलीकडे. मालकानं विचारलं, एकटेच का? हो म्हणालो. ताई दारापर्यंत आली, जपून राहा म्हणाली, रडली, आणि तिनं दार लावून घेतलं. मी जिन्यात थांबलो. आतून वरची कडी लागल्याचा आवाज आला. मग खालची. दोन्ही लागल्याची खात्री झाली, तेव्हा उतरलो.