गुरुवारची बैठक

सुनंदा भोळे बंगळूरहून मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा कोर्स करून धुळ्याला परत आली, तेव्हा वॉर्डात तिचं स्वागत तोतारामने केलं.

"या सिस्टर. आता शिकून आलात तर एकदाचं सांगून टाका, कोणाला बांधायचं आणि कोणाला सोडायचं."

तोताराम त्या वॉर्डातला सगळ्यात जुना वॉर्डबॉय. अंगाने धिप्पाड, आवाज मोठा. पेशंट आवरत नसला की डॉक्टरांच्या आधी त्याला हाक जायची. धुळ्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात मनोरुग्णांचा वॉर्ड सगळ्यांच्या मागे होता, धोबीघाटाला लागून. इतर वॉर्डांतल्या सिस्टर तिथली ड्युटी लागली की शिक्षा झाल्यासारखं तोंड करत. सुनंदाने ती मागून घेतली होती. तिचं माहेर असोद्याचं, नवरा जळगावला शाळेत शिक्षक. कोर्ससाठी घरापासून इतकं लांब राहिल्याबद्दल सासरी बरंच ऐकून घेतलं होतं तिने. ते ऐकणं फुकट जाऊ द्यायचं नव्हतं.

बंगळूरच्या बाईंनी वर्गात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पेशंट बरा होऊन घरी जातो आणि काही महिन्यांत परत येतो. याचं कारण नुसतं त्याच्या डोक्यात नसतं, घरातही असतं. विलायतेत यावर अभ्यास झाले होते. काही पेशंटना फक्त औषधं दिली. काहींना औषधं दिली आणि शिवाय त्यांच्या घरच्यांना नियमाने बोलावून आजार समजावला, बोलायचं कसं ते शिकवलं. दुसऱ्या गटातले फार थोडे परत आले. सुनंदाने हे वाचलं तेव्हा तिला आपल्या वॉर्डातला अभिमन आठवला होता.

अभिमन अमळनेरकडच्या एका खेड्यातला. वय पंचविशीच्या आसपास. बाप नव्हता. आई ताईबाई आणि थोरला भाऊ कौतिक त्याला आणत. अभिमन दरवर्षी यायचा, कधी वर्षातून दोनदा. येताना बांधलेला, ओरडणारा, आणि जाताना इतका शहाणा की वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची अंथरुणंसुद्धा घालून द्यायचा. घरी गेला की गोळ्या सुटत. मग पुन्हा तेच.

"डॉक्टर, आपण याच्या घरच्यांना दर आठवड्याला बोलावून बघू या का?" सुनंदाने डॉक्टर वाणींना विचारलं.

डॉक्टर वाणी वाईट माणूस नव्हते. तीन तालुक्यांचे पेशंट एकट्याने तपासून थकलेले होते. "तुम्ही म्हणता ते खरंच आहे सिस्टर. मीही वाचलंय. पण करणार कोण? आणि कुठे?"

"मी करते."

"मग इंजेक्शनं कोण देणार?"

तिथेच ते थांबलं असतं. पण तेव्हाच्या मेट्रन सोनवणेबाईंनी ते उचललं. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी सुनंदाला बोलावून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी दुपारची इंजेक्शनं मी दुसऱ्या सिस्टरला सांगते. ती नाही आली तर मी येईन. वॉर्डामागची चादरींची खोली रिकामी करून घे. आणि डॉक्टरांना म्हणावं, राउंडला सगळ्यांसमोर एकदा सांगा की हे तुमच्या परवानगीने चाललंय. नाहीतर तुला कोणी बसू देणार नाही."

डॉक्टरांनी ते सांगितलं. मेट्रन खरंच दोनदा स्वतः इंजेक्शनं द्यायला आल्या. असं सुरू झालं.

पहिल्या गुरुवारी चार घरची माणसं आली. सुनंदाने पुस्तकातून नीट तयार केलेलं सांगितलं, मेंदू, रसायनं, औषधांचं काम. माणसं ऐकत होती, मान डोलावत होती, आणि त्यांच्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं. ताईबाई शेवटी म्हणाली, "मना पोर्‍याले येड नही लागनं बाई. कोनीतरी करनी करेल शे."

सुनंदाची बोली जळगावकडची, ताईबाईची अहिराणी. समजत होतं सगळं, पण उत्तर त्या बोलीत येत नव्हतं. तोताराम दाराशी उभा राहून मजा बघत होता. तो आत आला आणि ताईबाईसमोर खाली बसला.

"देख माय, तुना गावमा कोनले शुगर शे का?"

"शे ना. सरपंचले शे."

"तो गोई बंद करी ते काय व्हई?"

"पडी जाई."

"मंग? हाऊबी तसाच रोग शे. डोकाना. करनी सरपंचवर नही आन तुना पोर्‍यावर कशी?"

ताईबाईने पदर तोंडाला लावला. पण पुढच्या गुरुवारी ती आली, आणि कौतिकलाही घेऊन आली.

कौतिक मॅट्रिकपर्यंत शिकलेला. दवाखान्यात आला की शाळेतली मराठी बोलायचा. तो खोलीत बसला नाही, चौकटीला टेकून राहिला. "घरी काय करायचं तेवढं सांगा. भाषण नको. माझी कपाशी पडलीय तिकडे."

"बरं. सकाळपासून सांगा. अभिमन उठतो केव्हा?"

"उन्हं वर आली की. उठवून उठवून जीव जातो."

"काय म्हणून उठवता?"

"म्हणायचं काय? ऊठ रे ऐतखाऊ म्हणतो."

"मग?"

"मग जेवायला बसला की आई म्हणते, हळू खा. माझी बायको म्हणते, ताट उचला. शेतात आणला तर अर्धी ओळ निंदून बसतो. तेव्हा मी बोलतो."

"आणि गोष्टी करायला, नुसतं असंच, त्याच्याशी कोण बोलतं?"

कौतिक बाहेर धोब्याच्या दोरीवरच्या चादरींकडे बघत राहिला. मग आत येऊन बसला.

त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तो दहा-बारा वेळा आला असेल. सुनंदा फार थोडं सांगायची. उशिरा उठणं हा आळस नाही, औषधाचा जडपणा आहे. काम लहान द्या, पुरं केलं की तसं म्हणा. राग आला तर विहिरीवर चक्कर मारून या, मग बोला. मान आखडली, लाळ गळली, हात थरथरले तर गोळी बंद करू नका, आधी इथे या, त्यावर दुसरी गोळी असते. तोताराम तेच अहिराणीत सांगायचा, वर एखादी शिवी घालून, आणि माणसं हसायची. तोतारामही बदलला. बांधायच्या पट्ट्या तो आता कपाटात ठेवायचा. पेशंट भडकला तर आधी शेजारी बसून तंबाखू मळायचा, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागायचं. "सिस्टर, हे तुमच्या पुस्तकात होतं तर आधी कोणी सांगितलं का नाही हो?" त्याने एकदा विचारलं.

अभिमन ते वर्षभर वॉर्डात आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. महिन्याला गोळ्या न्यायला यायचा, आईच्या मागे, धुतलेला सदरा घालून. एकदा स्वतःच्या मळ्यातली वांगी घेऊन आला. ती वांगी तोतारामने घरी नेली आणि आठवडाभर त्यांची चव सांगत बसला.

मग सोनवणेबाई निवृत्त झाल्या.

नव्या मेट्रन कडक होत्या. त्यांच्यासमोर दवाखान्याचा सगळा व्याप होता, आणि त्या साली वरून कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं टार्गेट आलं होतं. शिबिरांना सिस्टर कमी पडत होत्या. मागच्या वॉर्डात एक सिस्टर गुरुवारी दुपारी लोकांशी नुसत्या गप्पा मारते, हे त्यांच्या कानावर आलं. दसऱ्याच्या सुमाराला सुनंदाची बदली शिबिरांच्या पथकात झाली.

ती डॉक्टर वाणींकडे गेली. "डॉक्टर, तुम्ही एक शब्द टाका. हा कोर्स केलेली मी एकटी आहे इथे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मी बोललो होतो. मोठे साहेब म्हणाले, मार्चनंतर बघू. सिस्टर, माझं कोण ऐकतं इथे? माझ्या वॉर्डाला दोन वर्षं नवीन गाद्या मिळाल्या नाहीत."

"मग बैठकीचं काय?"

"आल्यावर पुन्हा सुरू करा."

तोतारामने दोन गुरुवार खोली उघडून ठेवली. नव्या सिस्टरने त्याला तिसऱ्या गुरुवारी सलाइनच्या बाटल्यांची खोकी तिथे रचायला सांगितली. वॉर्डबॉयला नाही कसं म्हणता येणार? खोलीला कुलूप लागलं.

सुनंदा जीपमधून गावोगाव फिरत होती. शिरपूर, साक्री. शाळांच्या वर्गांत बाया ओळीने निजवलेल्या असत आणि ती त्यांची नाडी बघत पुढे सरके. काम वाईट होतं असं नाही. पण ते कोणतीही सिस्टर करू शकली असती.

हिवाळ्यात जळगावला एक चर्चासत्र भरलं. शुश्रूषेत नवं संशोधन का उतरत नाही, असा विषय होता. डॉक्टर वाणींनी तिथे गुरुवारच्या बैठकीची माहिती वाचली, आणि सुनंदाला प्रेक्षकांत बसायला बोलावलं. माहिती चांगली होती. पेशंट परत येण्याचं प्रमाण कसं उतरलं ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. आपल्या विभागाचा उपक्रम, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. नंतर एका पाहुण्यांनी खंत व्यक्त केली की आपल्याकडच्या परिचारिकांना वाचनाची आवडच नाही, त्यामुळे ज्ञान पुस्तकात पडून राहतं.

सुनंदा उभी राहिली. हात वर करायचं भानही राहिलं नाही तिला.

"मी वाचलं होतं साहेब. वाचून केलंही होतं. आता जे पडद्यावर दाखवलं ते बंद आहे. त्या खोलीत खोकी आहेत. मला एक दुपार, एक खोली, एक वॉर्डबॉय आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या मेट्रन मिळाल्या, म्हणून झालं. त्यातलं एकेक काढून घेतलं, म्हणून बंद पडलं. आवडीचा काय संबंध?"

डॉक्टर वाणी खाली बघत होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "सिस्टरांची तळमळ कौतुकास्पद आहे. यावर आपण जरूर विचार करू." मग जेवणाची सुट्टी झाली. पुरी-भाजीच्या रांगेत दोन तरुण सिस्टरांनी तिचा हात दाबला, आणि आपल्या मेट्रन जवळ आलेल्या दिसताच सोडला.

पुढे कोणी काही विचार केल्याचं तिच्या कानावर आलं नाही.

शिबिराचं सामान न्यायला ती एका दुपारी धुळ्याच्या दवाखान्यात आली. फाटकापाशी तोताराम तिची वाट बघत उभा होता. जीप आत आल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

"सिस्टर, अभिमन ऊना शे." तो म्हणाला. "आपल्या वॉर्डात नाही. सर्जरीत."

अभिमन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा हात कोपराखाली नव्हता. जाड पट्टी होती तिथे.

ताईबाई खाली फरशीवर बसली होती. सुनंदाला बघून ती उठली नाही. "तू कथा गयथी वं बाई?" तिने विचारलं. ओरडून नाही. हरवलेल्या माणसाला विचारावं तसं.

हळूहळू सगळं कळलं. दिवाळीच्या सुमाराला अभिमनची मान आखडू लागली होती, लाळ गळत होती. सांगितल्याप्रमाणे ताईबाईने गोळी बंद केली नाही. गुरुवार बघून ती एसटीने धुळ्याला आली. खोलीला कुलूप. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, असलं काही इथे होत नाही, सोमवारी तपासणीला या. तोतारामची त्या दिवशी रजा होती. सोमवारी शेतातल्या कामातून निघता आलं नाही; पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली, पुन्हा कुलूप, आणि तोतारामची तेव्हा रात्रपाळी होती. तिकडे पोराची मान तिरकी होत चालली होती. बघवेना. तिने गोळी बंद केली. मान सरळ झाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

मग कपाशीच्या वेचणीत अभिमन पेटला. शेजारच्यांवर दगड टाकू लागला, रानात पळू लागला. मजूर मिळत नव्हते, घरी थांबायला माणूस नव्हतं. कौतिकने त्याला गोठ्यातल्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलं. त्याने हिसके दिले तसतशी गाठ आवळत गेली. हात काळा पडू लागल्याचं उशिरा दिसलं.

कौतिक व्हरांड्यात उभा होता. दाढी वाढलेली. सुनंदा त्याच्याजवळ गेली.

"दोरी मीच बांधली," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं, बांधू नका. माहीत होतं मला."

"कौतिकभाऊ..."

"नाही, ऐका. आधी मी त्याला बांधायचो तेव्हा काही वाटायचं नाही. वेडाला बांधतातच, असं होतं. तुम्ही डोळे उघडले. दोन वर्षं तो माझ्यासोबत शेतात आला, बाई. पेरणीला पाभर धरायचा." त्याने ओठ आवळले. "तुमचं खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं. आम्ही विसरून गेलो असतो. ते खरं होतं, म्हणून राग येतो. तुमचासुद्धा येतो."

बदली झाली, हुकूम होता, मी बोलले होते, असं सगळं सुनंदाजवळ होतं. त्यातलं काही त्या व्हरांड्यात बोलण्यासारखं नव्हतं.

आत जाऊन ती अभिमनच्या पलंगाजवळ बसली. त्याने मान वळवून तिला ओळखलं. "सिस्टर," तो म्हणाला, "वांगी लावली नाहीत यंदा." मग पुन्हा भिंतीकडे वळला.

तिने ड्युटीवरच्या सिस्टरला मानेच्या त्रासावरच्या गोळीचं सांगितलं. डॉक्टर वाणींना निरोप पाठवला. ताईबाईला पुन्हा सगळं समजावायला घेतलं, केव्हा काय द्यायचं, कुठली खूण बघायची. ताईबाई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

"आते कोन सांगी आम्हले?" तिने मध्येच विचारलं. "तू ऱ्हाशी का आठे?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. संध्याकाळच्या आत शिरपूरला पोचायचं होतं, सामान भरून झालं होतं. सुनंदाने तोतारामकडे बघितलं. त्याने नजर वळवली. हॉर्न पुन्हा वाजला, आणि ती उठली.