जास्तीत जास्त एक

रकाना १. स्त्रीचा व्यवसाय.

लिफ्ट तपासनीस. लिफ्टमध्ये "जास्तीत जास्त सहा माणसं" अशी पाटी असते ना, ती सहा म्हणजे सहाच का, हे ठरवणारी बाई. बिल्डर गोड बोलून थकले, डोळे वटारून थकले. पण एकोणीस वर्षांत आकडा कोरा असलेल्या कागदावर तिने कधी सही केली नाही.

रकाना २. स्त्रीबीज कोणाचे?

दात्रीचं. वय चोवीस, प्रकृती उत्तम. क्लिनिकने सांगितलं ते एवढंच. सासूबाई मोठ्या मनाने म्हणाल्या, "बीज कुणाचं का असेना, नाक आपल्या घरचं आलं म्हणजे झालं." त्या घरची नाकं पाहता हा आशीर्वाद होता की धमकी, देव जाणे.

रकाना ३. पूर्वीचे उपचार.

चार वर्षांपूर्वी. ठेवलेले भ्रूण दोन. रुजले दोन. साडेपाचव्या महिन्यात

(रकाना एवढासाच होता.)

या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकच ठेवू, दुसरा गोठवू. तुमची पिशवी जुळं पेलणार नाही."

रकाना ४. किती भ्रूण ठेवायचे?

मागच्या आठवड्यात हा कोरा होता. नर्स बोट ठेवत गेली, "इथे, इथे आणि इथे," आणि तपासनीस बाई निमूट सह्या करत गेल्या. आपल्या कामावर असं कुणी केलं असतं तर त्याची चामडी सोलली असती. पण इथे ती तपासनीस नव्हती. इथे ती लिफ्ट होती.

आज ती टेबलावर उताणी, पाय खुंट्यांवर, पोटात पाच ग्लास पाणी. मूत्राशय भरलेलं असलं की सोनोग्राफीत पिशवी छान दिसते म्हणे. दिसणाऱ्याला छान, धरणारीचं काय! उशाशी नवरा, डोक्याला कागदी टोपी. भिंतीतली खिडकी सरकली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी नाव वाचलं, नंबर वाचला.

"भ्रूण दोन. बरोबर?"

इथला नियम असा, की टेबलावरची बाई "बरोबर" म्हणेपर्यंत नळीत काही भरायचं नाही.

"दोन कुणी लिहिले?"

नवऱ्याने टोपी सारखी केली. "अगं, मी भरला आकडा. रकाना मोकळा होता."

"मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एक," ती म्हणाली.

"हे बघ, आता सही झालीये…"

"पिशवी माझी आहे, बाबा. तू आत चढून बघितलीस का? कागद आणा इकडे."

कागद आला. ती छताकडे तोंड करून लिहू लागली. पेन उताणं चालेना. नवऱ्याने पेन झटकलं, तेही मोलाची मदत केल्यासारखं.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली. लिफ्टच्या पोटाखाली झोपून तिने आयुष्यभर पेन्सिलीनेच आकडे लिहिले होते.

खिडकीतून एक बोथट पेन्सिल आली. तिने दोन खोडला, एक लिहिला, शेजारी सही केली.

"पेन्सिल चालत नाही हो," नर्स कुजबुजली.

"मग नंतर शाईने गिरवते. मी कुठे पळून चाललेय? पळू शकले असते तर आधी बाथरूमला गेले असते!"

डॉक्टरीणबाई मास्कमध्ये हसल्या. नवरा हसला नाही. तो अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं, एक गेलं तर एक तरी उरेल."

"माहितीये रे." तिने त्याचा हात धरला. "मागच्या वेळी दोन होते. किती उरले?"

त्याने कागद उचलला आणि खिडकीतून आत सरकवला.

"भ्रूण एक," खिडकीतून आवाज आला. "बरोबर?"

"बरोबर."

पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला आणि थांबला.

"आणि दुसरा?" नवऱ्याने विचारलं.

"खाली थांबेल," ती म्हणाली. "हा नीट उतरला, की मग बघू."