पाप ओळखणारा दगड

तंजावूरच्या आमच्या गल्लीत त्या सकाळी शंभरेक माणसं एका दगडापुढे रांग लावून उभी होती. ताटाएवढा काळा दगड, वरून चकचकीत, त्यावर समांतर रेघा.

"या शिवाच्या बोटांच्या खुणा!" कैलाससामी नावाचा बाबा गर्जत होता. "पुण्यवानाचा हात घसरतो, पाप्याचा अडतो!"

तो प्रत्येकाला स्वतः धरून बसवी आणि दगडावरून हात आपल्याकडे ओढायला सांगे. माझा हात सुळकन आला. मी देव न मानणारा, तरी खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मग अलमेलुला पुढे आणलं. गल्लीतल्या राजलक्ष्मीबाईंकडे ती वीस वर्षं स्वयंपाक करते. बाईंच्या हिऱ्यांच्या कुड्या दोन दिवस सापडत नव्हत्या आणि संशय तिच्यावर होता. सामीने तिला दगडाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. तिचा हात खरखरत अडला.

"चोर!" गर्दी ओरडली.

"अम्मा, मी नाही घेतल्या," अलमेलु म्हणाली. बाईंनी मान फिरवली.

तेवढ्यात बाईंची सून सुप्रभा पुढे आली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. तिने दगड निरखला, गालातल्या गालात हसली आणि हात जोडले.

"सामी, अलमेलुच्या जागी तुम्ही बसा ना. तुमचंही पुण्य बघू."

"मी? मी तर सिद्धपुरुष!"

"मग भीती कसली?"

लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच बसवलं. हात ओढताच खर्रर्र!

"अय्यो, सामीच पापी!" म्हातारे रामस्वामी ओरडले. हशा उसळला. सुप्रभाने अलमेलुला माझ्या जागी बसवलं. तिचा हात सुळकन आला.

"हा ज्वालामुखीचा खडक, महाराष्ट्रातल्या घाटांत असतो तसा," सुप्रभा म्हणाली. "लाव्हा थिजला, पुढे जमिनीतल्या ताणाने त्याला भेग पडली आणि भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासत सरकल्या. त्या घासण्याच्या या रेघा. सोबत बारीक पायऱ्याही राहिल्या. सरकण्याच्या दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. मांजराच्या पाठीसारखं. यावरून आम्ही खडक कुठे सरकला ते ओळखतो. चोर नाही ओळखत."

सामी दगड तिथेच टाकून ऑटोत बसला.

राजलक्ष्मीबाईंनी अलमेलुचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"वीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, अम्मा. आणि ऐकलंत दगडाचं?"

बाईंनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. कुड्या अजून सापडलेल्या नाहीत. पोलिसांत रीतसर तक्रार दिली आहे.

दगड खोटं बोलला नव्हता. कुणाला कुठे बसवायचं, ते सामी ठरवत होता. म्हणून एवढंच सांगतो: चमत्कार बघून एखाद्याला चोर म्हणण्याआधी उठा आणि पलीकडच्या बाजूला जाऊन स्वतः हात फिरवून बघा.